वर्षातले पावणेनऊ तास

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला ‘पुन्हा या’ म्हणता येत नाही. मी सुरुवातीला एकदा म्हणालो होतो, सवयीने. समोरच्या गृहस्थांनी आईसाठी नेलेला पलंग तीन आठवड्यांत परत आणला होता. पलंग इतक्या लवकर परत येतो तेव्हा पेशंट उठून चालायला लागलेला नसतो, हे ठाऊक असूनही तोंडातून निघून गेलं. तेव्हापासून बायकोने मला निरोपाच्या वेळी गप्प बसायची सक्ती केली आहे. नुसती मान हलवायची.

आम्ही आजारी माणसांना लागणाऱ्या वस्तू भाड्याने देतो. डोकं वर-खाली होणारा पलंग, चाकाची खुर्ची, हवेची गादी, ऑक्सिजनचं मशीन. दुकानात हे सगळं मी सांभाळतो. फोन मात्र बायको घ्यायची. आणि फोनवर माणसं नुसती वस्तू मागत नाहीत. आधी सगळं सांगतात. कधी पडले, कुठे नेलं, डॉक्टर काय म्हणाले, मोठा मुलगा कसा फिरकला नाही, आणि मग शेवटी ‘तर एक वॉकर हवा होता’. बायको शेवटपर्यंत ऐकायची. संध्याकाळपर्यंत तिच्याकडे आठ-नऊ आजार जमायचे आणि ती ते सगळे घरी घेऊन यायची. पुढे तिचाच रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, “फोन कमी करा.” मी म्हटलं, “फोन हाच आमचा धंदा आहे.” ते म्हणाले, “मग एक पलंग घरीच ठेवून घ्या.” डॉक्टर मंडळींचा विनोद असाच असतो.

तिथे मेहुण्याने तोंड घातलं.

“भावोजी, वेबसाइट करा. लोक फॉर्म भरतील. फॉर्म रडत नाही.”

मेहुणा विम्याच्या कचेरीत आहे. कॉम्प्युटरमधलं त्याला सगळं कळतं अशी आमच्या घरात त्याची ख्याती आहे, कारण त्याने एकदा आमचा बिघडलेला प्रिंटर दोन मिनिटांत चालू केला होता. प्रिंटरचं बटण बंद होतं, हे त्याने बहिणीला आजतागायत सांगितलेलं नाही. मीही पुरुषासारखा पुरुष म्हणून गप्प आहे.

वेबसाइट आठ दिवसांत तयार झाली. चाकाच्या खुर्चीचा फोटो मी स्वतः काढला. फॉर्म भरल्यावर गिऱ्हाइकाला जो मजकूर दिसतो, तोही मीच लिहिला. मेहुण्याने लिहिलं होतं, ‘धन्यवाद.’ मला ते फार कोरडं वाटलं. घरात माणूस आजारी आहे आणि धन्यवाद कसले? मी दोन दिवस घालवून लिहिलं : ‘आपली मागणी आम्हाला मिळाली आहे. निश्चिंत राहा. आम्ही दोन तासांत पोचतो आहोत.’ बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “छान आहे. धीर येतो.” शाळेत निबंधाला कधी शाबासकी न मिळालेल्या माणसाला याहून काय हवं?

मग मेहुणा म्हणाला, “आता होस्टिंग कुणाचं घ्यायचं?”

“म्हणजे?”

“वेबसाइट म्हणजे तुमचं दुकान. ते मांडायला जागा लागते ना? ती जागा भाड्याने देणारे म्हणजे होस्टिंगवाले.”

मी स्वतः भाड्याने देणारा माणूस. तेव्हा भाड्याने देणाऱ्यांची नस मला बरोबर सापडेल, असा माझा समज झाला. गैरसमजांची सुरुवात नेहमी अशी ऐटीत होते.

बातमी पसरायला वेळ लागला नाही. शेजारचा औषधवाला म्हणाला, “परदेशातलं घ्या. तिकडे वीज जात नाही.” समोरचा शिंपी म्हणाला, “गावातलंच घ्या. बंद पडलं तर जाऊन कॉलर धरता येते.” शिंप्याला कॉलरशिवाय दुसरं काय सुचणार! औषधवाल्याची स्वतःची वेबसाइट नव्हती, शिंप्याला वेबसाइट म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण दोघांत त्यावरून चार दिवस अबोला झाला आणि दोघेही येऊन माझ्यावरच रुसले.

आमच्या वरच्या मजल्यावर निवृत्त ऑडिटर राहतात. त्यांना कागद दाखवला की त्यांचे डोळे लकाकतात. मी पाच कंपन्यांची माहितीपत्रकं छापून त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी चष्मा पुसला, पट्टी मागितली आणि एका ओळीखाली रेघ मारली.

“हे काय लिहिलंय? नव्व्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के वेळ चालू राहण्याची हमी.”

“चांगलंच आहे की.”

“म्हणजे एक दशांश टक्का बंद. वर्षाचे तास आठ हजार सातशे साठ.” त्यांनी कागदाच्या कडेला गुणाकार मांडला. “पावणेनऊ तास! वर्षातले पावणेनऊ तास हे बंद राहणार आणि तरी हमी मोडली असं होणार नाही. आता मला सांगा, हे पावणेनऊ तास सलग की सुटे?”

“मला काय माहीत?”

“आणि कुठले? ते विचारा. कुठले पावणेनऊ तास?”

मी हसलो. घरी येऊन बायकोलाही सांगितलं, तीही हसली. ऑडिटरसाहेब हयातभर दुसऱ्यांच्या चुका शोधत आले, त्यांना आता घरबसल्या कोणी चुका आणून देत नाही म्हणून ते टक्क्यांच्या मागे लागलेत, असं आमचं ठरलं.

मी निवड केली ती वेगळ्याच कारणाने. एका कंपनीचं चिन्ह होतं निळा ढग. त्यांच्या पानावर कोपऱ्यात एक खिडकी उघडायची आणि तिथे एक बाई लिहायची, ‘नमस्कार! मी आपली काय मदत करू?’ मी काहीही विचारलं तरी पापणी लवायच्या आत उत्तर. तेही अदबीने. मी त्यांना धंद्याचं स्वरूप सांगितलं, बायकोच्या रक्तदाबाचं सांगितलं, ओघात माझ्या गुडघ्याचंही सांगितलं. त्यांनी लिहिलं, ‘आपली अडचण मी समजू शकते.’ इतक्या वर्षांत गुडघ्याबद्दल मला असं कोणी म्हणालं नव्हतं. मी ढगवाल्यांकडे नाव नोंदवलं. ती बाई नसून यंत्र आहे हे मेहुण्याने मला महिन्याभराने सांगितलं, तेही माझ्या बायकोसमोर आणि हसत.

पहिले तीन आठवडे उत्तम गेले. मागण्या मेलवर यायच्या, मी कामगारांना पत्ता द्यायचो, पलंग जायचे. फोन निम्म्यावर आला. बायको दुपारी पुस्तक वाचू लागली. चौथ्या आठवड्यात एके दिवशी औषधवाला धावत आला, “तुमच्या वेबसाइटवर बघा काय आलंय!” आमच्या पत्त्यावर एका व्यायामशाळेचं पान उघडत होतं. दंड फुगवलेला माणूस आणि खाली, ‘उठा! आळस झटका! पंधरा दिवसांत फरक न पडल्यास आम्हाला विचारा.’ पान पूर्ववत व्हायला वीस मिनिटं लागली. त्या वीस मिनिटांत ज्यांनी ज्यांनी लकवा झालेल्या वडिलांसाठी पलंग शोधला असेल, त्यांना काय वाटलं असेल, याचा विचार मी अजून पूर्ण केलेला नाही.

मेहुणा म्हणाला, “होतं असं. एकाच मशीनवर दोनशे वेबसाइटी असतात. भाडेकरू आहेत ते. एखाद्या वेळी दाराची पाटी बदलते.”

“म्हणजे मी दोनशे बिऱ्हाडांच्या चाळीत राहतो?”

“स्वतंत्र बंगला महाग पडतो, भावोजी.”

मी खिडकीतल्या बाईंना लिहिलं. त्यांनी लिहिलं, ‘आपली अडचण मी समजू शकते.’

नंतर तो मंगळवार आला. सकाळी दहाला मी दुकान उघडलं, मेल पाहिली, एकही मागणी नव्हती. अकराला पाहिली, नव्हती. मला तर बरंच वाटलं. आमच्या धंद्यात मंदी म्हणजे चार घरांत माणसं धडधाकट आहेत. मी बायकोला म्हणालोसुद्धा, “आज कुणी आजारी दिसत नाही.” कामगारांना घेऊन सगळ्या चाकाच्या खुर्च्यांना तेल घातलं. ऑक्सिजनची चार मशीनं रिकामी होती, ती मी स्वतः फडक्याने पुसून भिंतीशी ओळीत लावली. दुपारी डोळा लागला. दिवस छान गेला, हे मला स्पष्ट आठवतं आणि तेच विसरता आलं तर हवं आहे.

बुधवारी दुपारी तीन वाजता कॉम्प्युटर वाजू लागला. एकापाठोपाठ एक सात मागण्या पडल्या, सगळ्या मंगळवारच्या. झालं होतं असं, की त्या दोनशे भाडेकरूंपैकी कुणीतरी लाखो लोकांना फालतू जाहिराती पाठवल्या आणि शिक्षा म्हणून ढगवाल्यांनी त्या मशीनवरच्या सगळ्यांचीच मेल बंद केली. वेबसाइट दिसत होती. फॉर्म भरता येत होता. भरल्यावर माझा तो धीर देणारा मजकूरही दिसत होता. फक्त मागणी माझ्यापर्यंत येत नव्हती. मेल बंद केल्याची सूचना ढगवाल्यांनी रीतसर दिली होती. मेलने.

सातांतल्या तीन मागण्या एकाच घरच्या होत्या. मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांची पहिली : ‘ऑक्सिजनचं मशीन पाहिजे. डॉक्टरांनी लगेच लावायला सांगितलं आहे.’ दीड वाजताची दुसरी : ‘आपले लोक अजून आले नाहीत. घर सापडत नसेल तर पाण्याच्या टाकीशेजारची इमारत, दुसरा मजला.’ पावणेतीनची तिसरी : ‘निघालात का?’

तिन्हींना आमच्याकडून उत्तर गेलं होतं. निश्चिंत राहा. आम्ही दोन तासांत पोचतो आहोत.

मी फोन लावला. बाईंचा आवाज होता. मी घाईघाईने म्हणालो, “ताई, मशीन तयार आहे, पाठवतो आत्ता.”

“आता नको,” त्या म्हणाल्या, आणि फोन ठेवला.

मी बायकोकडे पाहिलं. तिला सांगावं लागलं नाही. तिने उठून दुकानाचं अर्धं शटर खाली ओढलं.

संध्याकाळी मी आमच्या डॉक्टरांना गाठलं. योगायोगाने तो पेशंट त्यांच्या माहितीचा होता. मी विचारलं, “मशीन पोचलं असतं तर वाचले असते का?”

“वाचले नसते,” डॉक्टर म्हणाले. मी श्वास सोडला. मग ते म्हणाले, “फुप्फुसं संपली होती. महिना गेला असता फार तर. पण मंगळवारची दुपार त्यांना बरी गेली असती.” या वेळी ते विनोद करत नव्हते.

मेहुणा आला. तो पहिल्यांदाच खाली मान घालून बसला. “भावोजी, माझ्या लक्षात यायला हवं होतं.” मला त्याच्यावर ओरडायचं होतं, तयारीही झाली होती, पण तो मजकूर त्याने लिहिला नव्हता. तो ‘धन्यवाद’ लिहून मोकळा झाला होता. मी ओरडलो नाही. ढगवाल्यांना सोडायचं ठरवलं.

सोडणं हे धरण्यापेक्षा अवघड निघालं. खातं मेहुण्याच्या जुन्या कचेरीच्या मेलवर काढलेलं; ती कचेरी मधल्या काळात दुसरीकडे विलीन झाली होती. ढगवाल्यांनी कळवलं की खात्याचा मालक आणि मी यांच्यातलं नातं सिद्ध करा. मेहुणा हा मेहुणाच आहे याचा दाखला जगात कुठलं कार्यालय देतं? मी बायकोच्या जन्माचा दाखला, मेहुण्याच्या जन्माचा दाखला आणि आमच्या लग्नाचा दाखला असे तीन कागद जोडले. उत्तर आलं : लग्नाच्या दाखल्यावरची सही अस्पष्ट आहे. ती माझी होती. घाबरून केली होती.

हे चालू असताना त्याच शुक्रवारी आणखी एक गोष्ट घडली, आणि ती मला माहीतच नव्हती. वेबसाइटमध्ये एक सोय होती. मागणीनंतर तीन दिवसांनी गिऱ्हाइकाला आपोआप विचारणा जायची.

नवीन जागा शोधायला मी ऑडिटरसाहेबांकडे गेलो. या वेळी त्यांच्या टक्क्यांना हसलो नाही. आम्ही सहा कंपन्यांना फोन केले. ऑडिटरसाहेब प्रत्येकाला एकच विचारत : “बंद पडलं तर मला कोण सांगणार? मेल नको. माणूस सांगा.” पाच जणांनी त्यांच्याकडे काहीच बंद पडत नाही असं शपथेवर सांगितलं. सहाव्याने फोन उचलला तोच खोकत. म्हणाला, “बंद पडतं हो. वर्षातून एक-दोनदा पडतंच. पडलं की मी फोन करतो. तुम्ही उचलला नाहीत तर परत करतो.”

ऑडिटरसाहेबांनी फोनवर हात ठेवून मला सांगितलं, “हा घ्या. यंत्र खोकत नाही.”

खोकणाऱ्याकडे आमची वेबसाइट गेली. फॉर्मनंतरचा मजकूर मी बदलला : ‘आपली मागणी आम्हाला मिळाली असेलच असे नाही. दहा मिनिटांत आमचा फोन आला नाही, तर कृपया आपण करावा.’ खाली नंबर, मोठ्या अक्षरांत. मेहुणा म्हणाला, “धंद्याच्या दृष्टीने हे वाईट दिसतं.” बायको म्हणाली, “दिसू दे. फोन मी घेईन.”

त्यानंतरच्या सोमवारी सकाळी एक साठीच्या बाई दुकानात आल्या. सुती साडी, हातात कापडी पिशवी. पायऱ्या चढून आल्यावर दम खाल्ला, चष्मा काढून पुसला आणि फोन माझ्यापुढे धरला.

“हे आलंय तुमच्याकडून. यावर काय लिहायचं ते विचारायला आले.”

पडद्यावर होतं : ‘आमच्या सेवेचा अनुभव कसा वाटला? पाचपैकी तारे द्या.’ खाली पाच रिकामे तारे. वर त्यांचा पत्ता. पाण्याच्या टाकीशेजारची इमारत.

बायको काउंटरमागून पुढे आली, तिने त्यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं. दुकानात खुर्च्या होत्या त्या सगळ्या चाकांच्या. बसल्याबरोबर खुर्ची जराशी मागे सरकली आणि मी धावत जाऊन तिला अडवलं.

“मी उत्तर दिलं नसतं तरी चाललं असतं,” त्या म्हणाल्या, “पण मला तशी सवय नाही. एकतीस वर्षं पोस्टात होते. आलेल्या कागदाला उत्तर द्यायचं.”

“ताई,” मी म्हणालो, “तुमची मागणी आमच्याकडे आलीच नव्हती.”

“ते आलं माझ्या लक्षात. पण मिळाली म्हणून उत्तर आलं.”

“हो.”

“ते कोणी लिहिलं होतं?”

मेहुण्याचं नाव, ढगवाल्यांचं नाव, यंत्राचं नाव, सगळी नावं जिभेवर येऊन गेली. “मी,” म्हटलं.

त्यांनी मान डोलावली. “भाषा चांगली आहे. ह्यांना वाचून दाखवली मी. म्हणाले, निघालेत ना, मग झालं.” मग म्हणाल्या, “आमच्याकडे पत्र पोचलं नाही तर तसा शिक्का मारून परत पाठवायचो. लोक चिडायचे. पण न पोचलेलं पोचलं म्हणून कधी सांगितलं नाही. पोचलं म्हटलं की माणूस दुसरीकडे धावत नाही ना.”

मी माफी मागितली. ती त्यांनी घेतली की नाही, मला कळलं नाही. त्या उठल्या, पिशवी सावरली, आणि दाराशी जाऊन वळल्या.

“तुमच्याकडे पलंग उचलणारी माणसं असतात ना? एक काम होतं. कपाट सरकवायचंय.”

त्या मंगळवारी मशीन येणार म्हणून डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे प्लग मोकळा करायचा होता. प्लग होता कपाटामागे. बाईंनी एकटीने कपाट रिकामं केलं आणि इंच इंच करून ओढलं. दोन तास. यजमान पलंगावरून सूचना देत होते आणि अधूनमधून दोघांचं भांडणही झालं. आता ते कपाट आतल्या खोलीच्या दारात अर्धं अडकलं होतं आणि त्यांना तिरकं होऊन आत-बाहेर करावं लागत होतं.

कामगारांना मी दुकानात बसवलं. मी आणि बायको गेलो.

सागवानी कपाट होतं, जड. फरशीवर त्याच्या पायांचे पांढरे ओरखडे उमटले होते, दोन रेघा, मध्येमध्ये तुटलेल्या. जिथे त्या दम घ्यायला थांबल्या असतील तिथे. माझ्या गुडघ्यातून कळ गेली, पण त्याबद्दल बोलायची ती जागा नव्हती. आम्ही दोघांनी खांदा लावला. बाई रिकाम्या पलंगाच्या कडेला बसून सांगत होत्या, “अजून थोडं. डावीकडे. माझी डावी नाही, तुमची.” प्लग झाकला गेला. कपाट भिंतीला टेकलं.

मला काहीतरी बोलायचं होतं. रस्त्याने येताना मनात वाक्य जुळवत होतो.

“आता भरायचंय,” त्या म्हणाल्या.

पलंगावर घड्या करून ठेवलेल्या वस्तू त्या एकेक करून माझ्या हातात देत गेल्या. स्वेटर, चादरी, कागदांची एक फाइल, औषधांचा डबा. कुठला कप्पा ते बायको विचारून घेत होती. सगळ्यात शेवटी पुरुषी बुटांचा एक जोड राहिला, काळा, पॉलिश केलेला.

“हे तळाला,” त्या म्हणाल्या.

मी खाली बसलो. “टाचा आत करू की बाहेर?”

“बाहेर. वाकलं की त्यांना दम लागतो.”